थंडीत थबकलेल्या पिकाला औषध नको, ऊब द्या

डिसेंबरच्या मध्यानंतर निफाड, दिंडोरीपासून रावेर, यावलपर्यंत रात्रीचा पारा झपाट्यानं उतरतो. निफाडला तो पाच अंशांखाली जाणं आता नवलाचं राहिलेलं नाही. अशा दोन-तीन रात्री गेल्या की कृषी सेवा केंद्रांत एकच विचारणा सुरू होते : केळीचा पोंगा (गुंडाळलेलं नवं पान) उलगडेना, मका जांभळा पडला, काय मारू?

बहुतेक वेळा उत्तर एकच असतं, काही मारू नका. पीक आजारी नाही. त्याला थंडी कळली आहे आणि त्यानं चाल मंदावली आहे.

झाडाला ही थंडी कळते ती पेशीच्या पातळीवर. प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थांचं पातळ पटल असतं. थंडीत तूप थिजावं तसं ते घट्ट होऊ लागतं, कॅल्शियम आत शिरतं आणि पेशीला इशारा मिळतो. गहू, हरभरा यांसारखी थंडीची पिकं मग पटलातली चरबी बदलतात, साखर साठवतात, काटक होतात. या तयारीला काही दिवस लागतात. म्हणून थंडी हळूहळू वाढली तर ही पिकं सावरतात, पण एका रात्रीत पारा कोसळला तर त्यांनाही चटका बसतो. केळी मुळात उष्ण प्रदेशातली, तिला ही तयारी फारशी जमत नाही. एरवी आठवड्या-दहा दिवसांत येणाऱ्या पानाला थंडीत पंधरा-वीस दिवस लागतात, आणि घड बाहेर पडतानाच गळ्यात अडकतो.

रात्रीची ऊब मोजायला झाडाकडे आणखी एक साधन आहे. फायटोक्रोम हे रंगद्रव्य उजेड ओळखतं, हे आधीपासून माहीत होतं. तेच तापमानही ओळखतं, हे 2016 मध्ये स्पष्ट झालं. अंधारात ते हळूहळू निष्क्रिय होतं. रात्र जितकी उबदार, तितकं ते लवकर निष्क्रिय होतं. म्हणजे दुपारी कितीही ऊन पडलं तरी रात्र कशी गेली याचा हिशेब झाड वेगळा ठेवतं.

मक्याच्या जांभळ्या पानांचंही तसंच. गार मातीत मुळं स्फुरद (फॉस्फरस) नीट उचलू शकत नाहीत. जमिनीत स्फुरद असतो, पण झाडाला मिळत नाही. अशा वेळी वरून डीएपी या स्फुरदाच्या खताची गोणी ओतली तर पैसे मातीत जातात. ऊन तापू लागलं की बहुतेक ठिकाणी नवी पानं हिरवी येतात. संजीवकांच्या, म्हणजे वाढ घडवणाऱ्या द्रव्यांच्या, फवारणीचाही मोह आवरा. थबकलेल्या झाडाला दामटणं मला पटत नाही.

आता काय करायचं ते सांगतो. पहिलं, मोबाइलवरच्या आकड्यावर विसंबू नका. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री पान आपली उष्णता आकाशाकडे टाकतं आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतं. गार हवा जड असते, ती खोलगट रानात आणि नाल्याकाठी साचते. एक किमान-कमाल तापमापक घ्या, रानातल्या सर्वांत खोलगट जागी पिकाच्या उंचीवर टांगा आणि रोज सकाळी आकडा वहीत लिहा.

दुसरं, माती ओली ठेवा. ओली माती दिवसा जास्त उष्णता साठवते आणि रात्री ती परत देते. विहिरीचं पाणी पहाटेच्या हवेपेक्षा कोमट असतं, म्हणून ठिबक पहाटे चालवा. पाणी बेतानं द्या, चिखल करू नका. वीज रात्रपाळीची असेल तर एकट्यानं रानात जाऊ नका. उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर असतो, बरोबर कुणीतरी हवंच. शेकोट्या करायच्या तर एक मोठी करण्यापेक्षा बांधाकडेनं लहान लहान बऱ्याच करा. मोठ्या जाळाची ऊब सरळ वर निघून जाते. केळीची हिरवी पानं कापू नका, तीच घडाचं पांघरूण असतात. घडांवर स्कर्टिंग बॅग, म्हणजे घड झाकणारी पिशवी, घाला. पुढच्या लागवडीत वाऱ्याच्या बाजूला शेवरी किंवा गजराज गवत लावा.

द्राक्षात जिथं मण्यांत पाणी उतरायला, म्हणजे मणी मऊ पडून पिकू लागायला, आलंय, तिथं घाई करा. दिवसा कडक ऊन आणि रात्री कडाक्याची थंडी पडली की पांढऱ्या वाणाचे मणी लालसर रंग धरतात, आपण त्याला पिंक बेरी म्हणतो. एकदा आलेला रंग जात नाही. त्यामुळे घडांना कागद पाणी उतरण्याआधीच लागला पाहिजे.

कांद्यात थंडीचा परिणाम उशिरा दिसतो. रोपाची मान पेन्सिलीएवढी जाड झाल्यावर काही आठवडे 10-12 अंशांच्या आसपास थंडी मिळाली की आता फुलायचं, अशी नोंद त्यात होते आणि पुढे डेंगळे (फुलाचे दांडे) येतात. कोवळ्या रोपाला ही नोंद घेता येत नाही. म्हणून उन्हाळ कांद्याची लागवड आत्ता करत असाल तर जाड, वयस्क रोपं बाजूला काढा, ती फुकट मिळाली तरी लावू नका. आलेले डेंगळे मोडले म्हणून तो कांदा साठवणुकीचा होत नाही, तो आधी विका. बुलढाणा, जालन्याकडे बीजोत्पादन घेणाऱ्यांना मात्र हीच थंडी हवी असते. तिच्याशिवाय गोंडे, म्हणजे कांद्याच्या फुलांचे गुच्छ, येत नाहीत.

त्या गोंड्यांवर काम करणाऱ्या मधमाश्यांचं वेळापत्रकही थंडीच ठरवते. पोळ्यातली अंडी-अळ्यांची जागा त्या पंखांचे स्नायू थरथरवून 34-35 अंशांवर राखतात, पण गार पहाटे बाहेर पडत नाहीत. ऊन वर आल्यावर त्यांचं काम सुरू होतं, ते दुपारभर चालतं. गोंडे फुललेले असताना कीटकनाशक टाळा. अगदीच गरज पडली तर संध्याकाळी, माश्या परतल्यावरच फवारा, आणि शेजारच्या शेतकऱ्यालाही तसं सांगून ठेवा.