घरातल्या शूटसाठी छत्री घेताय? आधी टेप काढा

रविवारी मावशीकडे जायचंय, मावसबहिणीचे स्थळासाठी फोटो काढायचेत, एक पैठणीवर आणि एक साध्या ड्रेसवर, म्हणून सामानाची यादी करायला बसलो आणि लक्षात आलं की निम्मी यादी छत्रीचीच झालीय, म्हणजे पावसाची नव्हे, फ्लॅशचा उजेड पसरवायला स्टँडवर लावतात ती. तर लिहूनच टाकतो, घरी फोटो काढणाऱ्या कुणालाही चालेल.

सगळ्यात आधी मेजरिंग टेप. छत्रीच्या किमती नंतर बघा, हॉलची उंची आधी मोजा. आपल्या फ्लॅटमध्ये छत साधारण साडेनऊ फुटांवर, त्यात पंखा फूटभर तरी खाली लोंबतो, आणि पोर्ट्रेटला लाईट डोळ्यांच्या वरून यायला हवा, म्हणजे माणूस उभा असला की स्टँड साडेसहा-सात फुटांवर जातो आणि 60 इंची छत्री असेल तर तिची वरची कड थेट छताशी नाहीतर पंख्याच्या पात्यात. मी सुरुवातीला मोठी छत्री म्हणजे सॉफ्ट लाईट, म्हणजे सावल्यांच्या कडा मऊ, एवढंच ऐकून 60 इंची आणली होती, ती आता माळ्यावर आहे. खरं म्हणजे सॉफ्टपणा चेहऱ्यापासून छत्री किती मोठी दिसते त्यावर ठरतो, त्यामुळे साडेतीन फुटांवरची 43 इंची आणि पाच फुटांवरची 60 इंची यांत चेहऱ्याला फारसा फरक पडत नाही. घरासाठी 43 घ्या, खोली फारच चिंचोळी असेल तर 33, आणि त्या घरी एक स्टूल आधीच मागून ठेवा, माणूस बसला की सगळाच हिशोब दीड फूट खाली येतो.

मग भिंतीचा रंग, हे कोणी सांगत नाही. मावशीच्या हॉलची एक भिंत पोपटी आहे. मागच्या दिवाळीत तिथे पांढरी शूट-थ्रू लावली, म्हणजे जिच्या कापडातून लाईट आरपार जातो ती, आणि घरी येऊन बघतो तर सगळ्यांचा एक गाल हिरवट. शूट-थ्रूमध्ये जेवढा लाईट पुढे जातो त्यातला बराचसा मागेही उलटतो, भिंतीवर आपटतो आणि भिंतीचा रंग घेऊन परत येतो. भिंती पांढऱ्या असतील तर हाच लाईट सावल्या भरून काढतो, उलट बरंच. रंगीत असतील तर बाहेरून काळी आतून पांढरी अशी छत्री लागते. म्हणून माझं मत विचाराल तर काळं कव्हर काढता-घालता येतं तीच घ्या, एकात दोन्ही कामं. शिवाय एक पांढरी बेडशीट आणि चिमटे, पोपटी भिंतीवर सरळ टांगायची.

काळं कव्हर घातलं की फ्लॅश माणसाकडे पाठ करून छत्रीत मारायचा, म्हणजे दांडीचं टोक चेहऱ्याकडे येतं, छत्री फार जवळ नेता येत नाही, आणि लहान मूल असेल तर डोळ्याला जपा. शूट-थ्रूला दांडी मागे राहते, ती अगदी फ्रेमच्या कडेपर्यंत सरकवता येते. अंतर दुप्पट केलं की लाईट चौथाई होतो हे डोक्यात असू द्या, दोन स्टॉप जातात (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा).

चंदेरी छत्री? लाईट जास्त देते हे खरं, पण पैठणीची जर आणि घामेजलेलं कपाळ दोन्ही पांढरेफटक उडतात. मी नेत नाही.

बारीकसारीक आता भराभर. दांडी बहुतेक 8 मिमीची असते, पण एलिनक्रोमसारख्या काही कंपन्यांच्या लाईटना 7 मिमीची लागते, तेव्हा ब्रॅकेटमध्ये, म्हणजे स्टँडवर फ्लॅश आणि छत्री धरणाऱ्या पकडीत, घालून बघूनच पैसे द्या. फ्लॅशचा झूम 24 मिमीवर, म्हणजे झोत रुंद, नाहीतर छत्रीच्या मधोमधच उजेडाचा गोळा पडतो आणि कडा अंधारातच, खात्री करायला छत्रीचाच एक फोटो काढून बघा. स्टँडच्या पायाला पाण्याची पाच लिटरची कॅन बांधायची, कारण उघडी छत्री म्हणजे शीडच, कोणी पंखा लावला की गेली आडवी. रेग्युलेटरवर चिकटपट्टी लावली तर आणखी बरं, मावशी सवयीने बटण दाबतेच.

तिथे पोचल्यावर कॅमेऱ्यात शटर 1/160, आयएसओ 100, एफ 5.6 आणि फ्लॅश बंद ठेवून एक फोटो. पूर्ण काळा आला पाहिजे, म्हणजे पुढे फोटोत फक्त फ्लॅशचाच उजेड येईल. काही दिसलंच तर ते घरातले पिवळे बल्ब नाहीतर खिडकी, ते बंद करा किंवा पडदा ओढा. फ्लॅश वापरताना शटर 1/200 च्या वर नेऊ नका, बऱ्याच कॅमेऱ्यांत फोटोच्या कडेला काळा पट्टा येतो.

काकांचा पण एक काढायचाय आणि ते चष्मा काढत नाहीत. काचेत पांढरी छत्री दिसली तर स्टँड अजून वर आणि बाजूला घ्यायचा, तरी दिसली तर काड्या कानावर किंचित उचलायच्या, काच थोडी खाली झुकते आणि छत्री गायब.

फ्लॅशचे सेल दोन जोड चार्जिंगला लावलेत, ट्रिगरचे, म्हणजे कॅमेऱ्यावरून फ्लॅश पेटवणाऱ्या डबीचे, वेगळे.