बायकोच्या मागून जर्मनीत: पहिल्या वर्षी घर कसं लावायचं

आधी टपालपेटीवर नाव लावा. बॅगा उघडायच्याही आधी.

जर्मनीत फ्लॅटला नंबर नसतो. पत्त्यात रस्ता आणि इमारतीचा क्रमांक, बस्स. पोस्टमन खालच्या पेट्यांवरची आडनावं वाचतो आणि पत्र टाकतो. आडनाव दिसलं नाही तर पत्र आलं तसं परत. आमच्या घरात दोन आडनावं, कारण बायकोनं लग्नानंतर नाव बदललेलं नाही. मी शहाण्यासारखं पेटीवर फक्त माझं आडनाव चिकटवलं. तिचं बँकेचं कार्ड दोनदा परत गेलं आणि आम्ही महिनाभर बँकेला नावं ठेवत बसलो. तेव्हा पेटीवर आणि बेलवर घरातली सगळी आडनावं हवीत. पाहुणे तीन महिने राहणार असतील तर त्यांचंही लिहा.

मी मूळचा कोल्हापूरचा. चार वर्षांपूर्वी बायकोला स्टुटगार्टजवळ नोकरी लागली. ती ब्लू कार्डवर, म्हणजे शिकलेल्या परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या परवान्यावर, पुढे आली, मी आणि तीन वर्षांची लेक दोन महिन्यांनी मागून. (स्टुटगार्ट आणि मुंबई १९६८ पासून जुळी शहरं आहेत असं इथले लोक कौतुकानं सांगतात. कोल्हापूरकराला त्याचं काय, पण मान डोलवायची.) ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला इथं नोकरी करायची मुभा असते. तरी पहिलं वर्ष मी घरच सांभाळलं. गावाकडून कोणी ‘काय करतोस तिथं?’ विचारलं की ‘घर लावतोय’ म्हणायचो. त्यांना वाटायचं फर्निचर.

फर्निचरही लावलंच म्हणा. भाड्याचं घर बघताना स्वयंपाकघर आहे का ते विचारून घ्या. ‘क्युखे’ लिहिलेली खोली असते, पण आत कधी कधी नळाचा पाइप आणि भिंतीतून लोंबणारी वायर एवढंच असतं. ओटा, शेगडी, सिंक आधीचा भाडेकरू उपटून घेऊन गेलेला असतो. जाहिरातीत ‘आइनबाउक्युखे’ हा शब्द असेल तर ओटा आहे.

घरात शिरल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत नोंद करायची, तिला आन्मेल्डुंग म्हणतात. घरमालकाकडून राहत असल्याचा सहीचा कागद घ्या, भाडेकरार त्याच्या जागी चालत नाही. या एका नोंदीवर पुढचं सगळं अवलंबून: अकरा आकडी टॅक्स नंबर पोस्टानं येतो, बँक खातं, मुलाची बालवाडी, सगळंच. टीव्ही-रेडिओची वर्गणीही मागोमाग येते, घरामागे महिना १८.३६ युरो, टीव्ही असो वा नसो. ते पत्र खोटं समजून टाकून देऊ नका, आम्ही टाकलं होतं. मुलांसाठी किंडरगेल्ड मिळतं, २०२५ साली दर मुलामागे महिना २५५ युरो होतं. अर्ज लगेच करा, कारण उशीर झाला तर मागचे सहाच महिने देतात. आणि एक जाडजूड फाइल विकत घ्या, इथं कागद फेकायचा नसतो.

नावाचा घोळ आपल्याकडच्यांच्या वाट्याला हमखास येतो. लेकीच्या पासपोर्टात गिव्हन नेमच्या रकान्यात तिचं नाव आणि पुढं माझं, बापाचं. इथल्या हिशेबानं ती दोन्ही तिचीच पाळण्यातली नावं. मुलांच्या दवाखान्यात बाईंनी माझ्या नावाचा पुकारा केला, मी उठून उभा राहिलो, तर म्हणाल्या, तुम्ही नाही, पेशंट कुठाय? हे दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका. सगळीकडे पासपोर्टात आहे तस्सं लिहा आणि ‘रूफनामे’, म्हणजे हाक मारायचं नाव, वेगळं सांगा. एका ठिकाणी एक आणि दुसरीकडे दुसरं लिहिलंत तर त्या पोरीच्या दोन फायली तयार होतात.

आता पोटाचं बघू. यात मी सहा महिने घालवलेत, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

मिक्सर भारतातून आणा. वीज तिथल्यासारखीच २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, फक्त पिन बदलून घ्यायची. कुकर आणण्याआधी शेगडी कुठली ते विचारा. काचेची साधी शेगडी असेल तर अॅल्युमिनियमचा कुकर चालतो, इंडक्शन असेल तर तो नुसता शोभेला. तवा सपाट बुडाचाच हवा. आईनं प्रेमानं दिलेला खोलगट बिडाचा तवा काचेवर गरागरा फिरतो आणि मधे जळून कडेला कच्चं राहतं.

पिठाच्या पाकिटावर ४०५, ५५०, १०५० असे आकडे असतात. १०० ग्रॅम पीठ जाळलं तर किती मिलिग्रॅम राख उरते, तो हा आकडा. आकडा लहान म्हणजे कोंडा कमी, पीठ पांढरं. ४०५ म्हणजे आपला मैदाच, त्याच्या पोळ्या करून मी पहिला आठवडा सगळ्यांची दाढदुखी ओढवून घेतली. पोळीसाठी दोन वाट्या १०५० आणि एक वाटी ‘फोलकोर्न’, म्हणजे कोंड्यासकट गव्हाचं पीठ. पाणी नेहमीपेक्षा कमी घाला. इथलं पीठ आपल्या जात्यावरच्या पिठाइतकं पाणी पीत नाही, सवयीच्या हातानं घातलंत तर गोळा हाताला चिकटून बसतो. तेलाचा हात लावून झाकून पाऊण तास ठेवा, मग लाटा. आच नसल्यामुळे फुलका फुगणार नाही, तेव्हा घडीची पोळी करा आणि कापडानं दाबत फिरवा. इंडियन दुकानात आटा मिळतोच, पण दहा किलोची पिशवी एस-बानमधून, म्हणजे इथल्या लोकलमधून, आणून तीन जिने चढवा, मग बोलू.

भाकरीचं दुखणं वेगळं. दुकानात ‘हिर्झे’ लिहिलेलं पीठ बघून मला ज्वारी सापडल्याचा कोण आनंद झाला. थापायला घेतलं तर परातीतच भेगा. हिर्झे म्हणजे बहुतेक वेळा वरी जातीचं धान्य. ज्वारीला इथं ‘सोरघुम’ म्हणतात, तो शब्द पाकिटावर शोधा. उकळत्या पाण्यानं उकड काढल्यासारखं पीठ मळा, तव्यावर दोन्ही बाजू शेकून घ्या आणि मग ओव्हनच्या वरच्या ग्रिलखाली मिनिटभर सरकवा. फुगते. पहिल्यांदा फुगली तेव्हा मी बायकोला मीटिंगमधून फोन करून उठवलं होतं. चुलीवरच्या भाकरीची चव येत नाही, पण तांबड्या रश्श्यात कुस्करल्यावर तेवढं कळत नाही.

तूप घरी कढवा. साधं लोणी घेताना ‘झ्युसराम’ लिहिलेलं म्हणजे गोड्या सायीचं, आणि ‘झाउअरराम’ लिहिलेलं म्हणजे विरजण लावलेल्या सायीचं. आपल्याला दुसरं हवं, तुपाला तोच वास येतो. श्रीखंडासाठी दही लावायची गरजच नाही. पाकिटावर ४० टक्के फॅट लिहिलेला क्वार्क, म्हणजे इथलं चक्क्यासारखं ताजं चीज, आणा, रात्रभर फडक्यात बांधून फ्रिजमध्ये चाळणीवर ठेवा, सकाळी पिठीसाखर आणि वेलदोडा. मागेर लिहिलेला क्वार्क बिनसायीचा असतो, त्याचं श्रीखंड खडूसारखं लागतं. कोथिंबीर, भेंडी, पुदिना तुर्की दुकानात घ्या, मोठी जुडी मिळते. सुपरमार्केटातली कुंडीतली कोथिंबीर दोन फोडण्यांत संपते. नवलकोल मात्र कुठंही, ‘कोलराबी’ म्हणून.

फोडणी देताना स्वयंपाकघराचं दार लावा आणि खिडकी सताड उघडा. झोपायच्या खोल्यांत आणि पॅसेजमध्ये छताला धुराचा भोंगा असतो. मिरचीचा ठसका त्याला आपल्याआधी लागतो. आणि खिडकी हा इथं वेगळाच विषय आहे. थंडीत दिवसातून तीन-चार वेळा सगळ्या खिडक्या पाच-दहा मिनिटं पूर्ण उघडायच्या, मग घट्ट बंद. आपण थंडीला भिऊन खिडकी नुसती वरून कलती ठेवतो, त्यानं भिंत गार पडते आणि कुकरची सगळी वाफ तिच्यावर बसते. फेब्रुवारीत आमच्या कपाटामागे काळी बुरशी धरली. घरमालकानं येऊन पहिला प्रश्न विचारला: तुम्ही हवा कशी घेता? मला आधी प्रश्नच कळला नाही.

कचऱ्याचं थोडक्यात. कागद, पॅकिंग, ओला आणि उरलेला असे वेगळे डबे, प्रत्येक गावात तारखा वेगळ्या, नगरपालिकेचं कॅलेंडर फ्रिजवर लावा. काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या मोठ्या डब्यात, रंगानुसार, पण रविवारी नाही, आवाज होतो. प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि कॅन फेकू नका, बहुतेकदा एकाचे २५ सेंट परत मिळतात. यंत्रात बाटली सरकवायचं काम लेकीकडं आहे, चिठ्ठीवर आकडा येतो आणि तिचा हिशेब पक्का झालाय.

रविवारी दुकानं बंद असतात. दूध शनिवारीच. ड्रिल, हातोडा, मिक्सरमध्ये खोबऱ्याचं वाटण हे सगळं रविवारी विसरा. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता. खालच्या मजल्यावर आजी राहतात. आम्ही आल्याच्या पहिल्या आठवड्यात लेकीला घेऊन त्यांची बेल वाजवली, बेसनाचे लाडू दिले आणि आम्ही नवीन, मूल लहान आहे, पळतं, असं मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगितलं. हे जरूर करा. त्यानंतर त्यांनी छताला झाडू कधी ठोकला नाही, उलट आमचं प्रत्येक पत्र वाचून दिलं. फक्त ‘फ्राउ’ लावून आडनावानं हाक मारायची आणि ‘झी’, म्हणजे अहो-जाहो. ‘डू’ म्हणायची परवानगी त्यांनी स्वतःहून द्यावी लागते. आम्हाला दोन वर्षांनी मिळाली.

बालवाडीत आइनगेव्योनुंग नावाचा प्रकार असतो, मुलाला रुळवण्याचा. आपल्यासारखं रडतं मूल बाईंच्या हातात देऊन पळायचं नाही. पहिले काही दिवस पालकानं वर्गाच्या कोपऱ्यात बसायचं, मग दहा मिनिटं बाहेर, मग अर्धा तास. महिना धरूनच चाला आणि त्या महिन्यात दोघांपैकी एकाला मोकळं ठेवा. मी त्या बुटक्या खुर्चीवर साडेतीन आठवडे बसलो. सामानात घरातल्या चपला, जादा कपडे आणि ‘माचहोजे’, म्हणजे चिखलात लोळायची रबरी विजार. पाऊस असला तरी पोरांना बाहेर काढतात. गोवरच्या लसीचा पुरावा लागतो, २०२० पासून तो कायदाच आहे, तेव्हा भारतातलं लसीकरणाचं कार्ड हाताच्या बॅगेत आणा. मूल काय खात नाही ते तोंडी सांगून भागत नाही, लिहून द्या.

पहिलीत गेल्यावर शाळा सक्तीची. तिकीट स्वस्त म्हणून सुट्टीच्या चार दिवस आधी पोराला मुंबईच्या विमानात बसवता येत नाही, दंड होतो. आमच्या राज्यात उन्हाळी सुट्टी जुलैच्या शेवटापासून सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत, म्हणजे गणपती लवकर असले तरच गावचे गणपती मिळतात.

दवाखान्याचं: नोकरी करणाऱ्याचा विमा सरकारी असेल तर कमाई नसलेला जोडीदार आणि मुलं त्यातच, जादा हप्ता नाही. मुलांचा डॉक्टर ताप येण्याआधी शोधून ठेवा, बरेच जण नवे पेशंट घेत नाहीत. रात्री-बेरात्री ११६११७, जिवावरचं असेल तर ११२.

घरी फोनची वेळ ठरवून घ्या. थंडीत साडेचार तासांचा फरक, उन्हाळ्यात साडेतीन. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं सरकतात, आणि मार्चमध्ये आई दरवेळी विचारते, आज लवकर कसा रे केलास?

आई-बाबांना बोलावताना नव्वद दिवसांचा व्हिसा मिळतो. ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो, पण तो आधीपासूनच्या दुखण्यावर सहसा चालत नाही. बीपीच्या गोळ्या पूर्ण मुदतीच्या आणि वर पंधरा दिवसांच्या, चिठ्ठीसकट. बॅगेत कांदा-लसूण मसाला, मेतकूट, भडंग खुशाल आणा. घरचं तूप, खवा, ताजा कढीपत्ता आणि हापूस नाही, दुधाचे पदार्थ आणि ताजी फळं-पाला बाहेरून आणायला बंदी आहे. माझ्या आईनं ऐकलं नव्हतं. विमानतळावर तिचा तुपाचा डबा गेला, आणि ती घरी पोचेपर्यंत त्या अधिकाऱ्याशी मनातल्या मनात भांडत होती.

शेवटी केरवोखे. या भागातली रीत. तुमच्या दाराला एका सकाळी पाटी अडकवलेली दिसेल. त्या आठवड्यात जिना झाडून पुसायची पाळी तुमची. मोठी केरवोखे असेल तर अंगण आणि समोरची पायवाटही, आणि बर्फ पडला तर तो सकाळी सातच्या आत. जिना स्वच्छ दिसत असला तरी पुसा, आणि शनिवारी दिवसाउजेडी पुसा, लोकांना बादलीचा आवाज ऐकू आला पाहिजे. बाबा आले होते तेव्हा ती पाटी बघून म्हणाले, हे माझ्याकडं दे. पांढरा लेंगा-बंडी घालून त्यांनी तीन मजले पुसले, एकेक कठडा हातानं. खालच्या आजी दार उघडून बघत उभ्या. दोघांनाही एकमेकांची भाषा येत नव्हती. आजींनी कोपऱ्याकडं बोट दाखवलं, बाबांनी तो परत पुसला.

पाळी संपली की पाटी रविवारी रात्री शेजारच्या दाराला अडकवायची. बेल वाजवायची नाही.