उताराच्या रानात बांध आखायचे ते ओळंब्याने, नजरेने नव्हे

डोंगरउतारावरची सर्वांत जास्त माती सुरुवातीच्या जोरदार सरींतच वाहून जाते, कारण तेव्हा रान उघडं असतं. म्हणून बांधबंदिस्ती पावसाआधीच उरकून घ्या. आखणी मात्र नजरेवर सोडू नका. समोर मोठा चढ असला की अनुभवी माणसालाही उतार सपाट भासतो.

आखणीसाठी ओळंब्याची चौकट बनवा. सव्वादोन मीटरचे दोन बांबू शेंड्याला बांधा, पाय दोन मीटर फाकवा आणि मध्यावर आडवी काठी आवळा. शेंड्यावरून दोरीला किलोभराचा दगड सोडा. हलका दगड वाऱ्यावर झुलत राहतो. दोरी काठीवर जिथे येते तिथे खूण करा, दोन्ही पाय एकमेकांच्या जागी ठेवून पुन्हा खूण करा. दोन्ही खुणांच्या मध्यावर तिसरी खूण करा; दोरी तिच्यावर आली की दोन्ही पाय समपातळीत.

जिथे धो-धो पाऊस पडतो तिथे अगदी समपातळीतला बांध घालू नका. पाणी तुंबतं, सखल जागी जोर येतो आणि बांध तिथेच फुटतो. पाण्याला ओघळीकडे हलका ढाळ द्या, 100 मीटरला साधारण 35 सेंटीमीटर. त्यासाठी ओघळीकडच्या पायाखाली 7 मिलिमीटर जाडीचा लाकडी तुकडा ठोका आणि दोरी मधल्या खुणेवर येईल तिथे खुंटी मारा. पुढे सरकताना चौकट गिरकी घेऊन फिरवू नका, मागचा पाय पुढच्या पायाच्या जागी उचलून ठेवा. फिरवली की तुकडा उलट्या बाजूला जातो आणि ढाळही उलटा पडतो. ही चूक पाऊस पडेपर्यंत कळत नाही.

दोन बांधांत एक मीटर उंचीचा फरक धरा, म्हणजे दहा टक्के उतारावर दर 10 मीटरला एक. चारी, म्हणजे पाणी वाहायचा चर, बांधाच्या वरच्या अंगाला खणा, माती खालच्या अंगाला बांधावर टाका, मध्ये फूटभर जागा मोकळी ठेवा, नाहीतर माती ढासळून चारी बुजते. दर वीतभर थर धुम्मसाने, म्हणजे माती दाबायच्या जड ठोकण्याने, ठोका. बांधावर वाळ्याच्या गवताचे ठोंब 10 ते 15 सेंटीमीटरवर लावा. जिथे पाणी ओघळीत उतरतं त्या सांडव्यावर दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर, हवंच. ते नसेल तर ओघळ मागे मागे खात शेतात शिरते.

नागलीच्या (नाचणीच्या) ओळीही बांधाला समांतरच ठेवा.

पहिल्या मोठ्या पावसात फावडं घेऊन बांधावरून फिरा. पाणी वरून सांडतंय ती जागा खचलेली, तिथे लगेच भर घाला. उंदीर-खेकड्यांची बिळं दगड-मातीने ठोकून बुजवा. तुंबलेलं पाणी काढायला बांध मधेच कापू नका, सांडव्याकडची चारी मोकळी करा.