भिगवणला पक्षी पाहायला जाताय? आधी पाणी विचारा

पुण्याहून सोलापूर रस्त्याने साधारण १०० किलोमीटरवर भिगवण. उजनी धरणाचा फुगवटा इथे डिकसळ, कुंभारगावच्या काठांपर्यंत पसरतो. निघण्याआधी गावातल्या नावाड्याला फोन करून एकच विचारा: पाणी किती उतरलंय? पाऊस दमदार झाला असेल तर डिसेंबरातही चिखलाचे उथळ पट्टे पाण्याखालीच असतात आणि रोहित (फ्लेमिंगो), शेकाटे, चिखले अशा उथळ पाण्यातल्या पक्ष्यांना उभं राहायला जागा मिळत नाही. अशा वर्षी जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारी धरा.

पुण्यातून पहाटे साडेचारला निघा. दहानंतर ऊन तापतं, पाण्यावरची हवा थरथरायला लागते आणि लांबचा पक्षी महागड्या दुर्बिणीतूनही अस्पष्टच दिसतो.

दुर्बीण ८ बाय ४२ ची (८ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगांची) पुरते. १० पटीची होडीत जास्त हलते. दुर्बीण घरीच डोळ्यांना जुळवून घ्या. उजवी नळी झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला चित्र स्पष्ट करा. मग डावी झाकून, मधल्या चाकाला हात न लावता, उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवा. हे राहिलं तर तासाभरात डोकं दुखतं आणि दोष दुर्बिणीला दिला जातो. तिपाईवरचा स्कोप (एका डोळ्याने पाहायची मोठी दुर्बीण) काठावर उत्तम, होडीत निरुपयोगी.

होडीत बसण्याआधीच नावाड्याशी बोलून घ्या: थव्यापासून निदान १०० मीटरवर इंजिन बंद, पुढे बांबूने, तेही तिरकं, आणि ऊन आपल्या पाठीशी. थव्यावर सरळ रोख धरला की पक्षी लवकर बिथरतात. निवांत रोहित मान खाली घालून, चोच उलटी धरून चिखलपाणी गाळत असतो. माना वर झाल्या आणि सगळे एकाच दिशेने चालू लागले, की तिथेच थांबा. आणखी दहा-वीस मीटर गेलात तर ते उडणारच. फोटोसाठी थवा उडवणं आम्हाला अजिबात मान्य नाही. हिवाळ्यात पोट भरायलाच ते इथे येतात आणि प्रत्येक उड्डाणात ती कमाई खर्ची पडते. "अजून जवळ घ्या" हा आग्रह आपणच सोडायला हवा. लाइफ जॅकेट मात्र मागून घ्या.

बदकांमध्ये नर सोपे: तलवार बदकाची टोकदार शेपटी, भुवई बदकाची पांढरी भुवई. माद्या सगळ्या तपकिरी, तिथे चोच बघा. थापट्याची पुढे फावड्यासारखी रुंद, हळदीकुंकवाची काळी पण टोकाला पिवळी. पट्टकादंब या हंसाच्या डोक्यावर मागे दोन काळे पट्टे असतात.

मोठा थवा मोजताना आधी दहा पक्षी नीट मोजा, त्यांनी व्यापलेली जागा डोळ्यात धरा आणि तेवढे तुकडे किती बसतात ते बघा. दाटी मधे जास्त असते, कडेला विरळ. म्हणून मधला तुकडा वेगळा मोजा. ओळख पटली नाही तर वहीत नुसतं "बदक" लिहा, अंदाजाने नाव घालू नका.