कामाच्या ठिकाणी लसीची सक्ती झाल्यास लेखी हरकत कशी घ्यावी

सन २०२१च्या पावसाळ्यात एका कारखान्याच्या पॅकिंग खात्यात काम करणाऱ्या एक बाई आमच्या कामगार संघटनेच्या कार्यालयात आल्या, तेव्हा त्यांच्या हातात कोविशील्डच्या पहिल्या डोसचे प्रमाणपत्र होते आणि मोबाइलवर पर्यवेक्षकाने पाठवलेली एक ओळ होती: ‘दोन डोस झाल्याशिवाय सोमवारपासून गेटवर घेणार नाही.’ पहिला डोस घेऊन त्यांना जेमतेम तीन आठवडे झाले होते आणि त्या वेळच्या सरकारी वेळापत्रकानुसार ८४ दिवस उलटल्याशिवाय दुसरा डोस मिळतच नव्हता. लस घ्यायला त्या पूर्ण तयार होत्या, तरीही सोमवारपासून त्यांचे खाडे लागणार होते. आम्ही अर्ध्या पानाचे पत्र लिहिले. त्यात पहिल्या डोसची तारीख, ८४ दिवसांचा हिशेब, तोपर्यंत मास्क लावून वेगळ्या टेबलावर काम करण्याची तयारी आणि कामावर घेण्याची विनंती, एवढेच होते. बुधवारी त्या कामावर रुजू झाल्या. सोमवार-मंगळवारचा पगार पदरात पडायला मात्र आणखी महिना गेला.

त्या पत्रात लस चांगली की वाईट याबद्दल एक अक्षरही नव्हते. मी स्वतः लस घेतली आहे, घरच्यांनाही दिली आहे आणि कोणी लस टाळावी म्हणून हे लिहीत नाही. परंतु लस घेण्याचा सल्ला देणे वेगळे आणि ती घेतली नाही म्हणून माणसाचा पगार अडवणे किंवा नोकरी काढून घेणे वेगळे. कर्मचाऱ्याची हरकत या दुसऱ्या गोष्टीवर असते, आणि पत्र लिहिताना त्याचा विसर पडला की चांगले प्रकरणही हातचे जाते.

सर्वात आधी आदेश कागदावर मागावा. पर्यवेक्षकाचे तोंडी बोलणे किंवा व्हॉट्सअॅपवरील एक ओळ यांवर भांडता येत नाही. शिवाय नंतर ‘आम्ही केवळ आवाहन केले होते’ असे सांगायला व्यवस्थापन मोकळे राहते. म्हणून दोन ओळींचा अर्ज द्यावा: ‘लसीकरणाबाबत मला तोंडी कळवण्यात आलेल्या सूचनेची लेखी प्रत, तिचा दिनांक आणि ती कोणत्या अधिकाराने काढली आहे याचा उल्लेख मला मिळावा.’ व्हॉट्सअॅपवरील मूळ संदेश पुसू नये. तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्याचा क्रमांक दिसेल असे त्याचे चित्र काढून ठेवावे.

आदेश हाती आला की तो नेमका कोणाचा आहे हे पाहावे, कारण उत्तर त्यावरच ठरते. काही सक्ती थेट नियमातूनच येते. अन्नसुरक्षा कायद्याखालील २०११च्या परवाना व नोंदणी विनियमांनुसार खाद्यपदार्थ हाताळणाऱ्यांची दरवर्षी वैद्यकीय तपासणी करावी लागते आणि त्यांना आंत्रज्वर (टायफॉइड) गटातील रोगांविरुद्ध लस देणे आवश्यक आहे. उपाहारगृहातील आचाऱ्याने या लसीला ‘मालकाची मनमानी’ म्हणून विरोध केला तर तो टिकणार नाही. त्याला वैद्यकीय कारण असेल तर तेवढेच मांडावे. दुसरा प्रकार शासनाच्या तात्पुरत्या आदेशाचा. २७ नोव्हेंबर २०२१ रोजी महाराष्ट्र शासनाने काढलेल्या आदेशात सार्वजनिक वाहतुकीसाठी आणि लोकांचा वावर असलेल्या आस्थापनांतील कर्मचाऱ्यांसाठी पूर्ण लसीकरणाची अट होती. हे निर्बंध १ एप्रिल २०२२पासून उठले. तरीही त्यानंतर कित्येक महिने काही कार्यालयांच्या दारावर जुन्याच आदेशाची झेरॉक्स चिकटवलेली मी पाहिली आहे, म्हणून आदेश आज लागू आहे का हे विचारायला संकोच करू नये. तिसरा प्रकार कंपनीने स्वतःच केलेल्या नियमाचा. बहुतेक खरे वाद याच प्रकारात असतात. शिस्तीचा नवा नियम लावण्यापूर्वी कामगारांना २१ दिवसांची सूचना द्यावी, ही तरतूद जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात होती आणि २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. शुक्रवारी फलक लावून सोमवारी गेट बंद करणाऱ्या व्यवस्थापनाला हा प्रश्न अवश्य विचारावा.

आता न्यायालयांनी काय म्हटले आहे ते नीट समजून घ्यावे, कारण निकालाचे अर्धवट वाक्य उद्धृत करणाऱ्या पत्राला कंपनीचा वकील एका परिच्छेदात उत्तर देतो. मेघालय उच्च न्यायालयाने जून २०२१मध्ये दुकानदार, टॅक्सीचालक यांच्यावर लसीची सक्ती करून त्यांची उपजीविका रोखणे बेकायदा ठरवले. मात्र कर्मचाऱ्यांचे लसीकरण झाले आहे की नाही हे गिऱ्हाइकाला दिसेल असा फलक दुकानांनी लावावा, असेही सांगितले. त्यानंतर २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जेकब पुलियेल विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात निकाल दिला. आपल्या शरीरावरील अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद २१मध्ये येतो आणि कोणालाही बळजबरीने लस देता येणार नाही, हा त्यातील पहिला भाग सर्वांना पाठ असतो. दुसरा भाग सोयीस्करपणे गाळला जातो. सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार निर्बंध घालू शकते, पण त्याला कायद्याचा आधार हवा, त्याचा हेतू रास्त हवा आणि निर्बंध त्या हेतूच्या प्रमाणात हवा, असे न्यायालयाने म्हटले. लस न घेतलेल्यांकडून संसर्ग पसरण्याचा धोका लस घेतलेल्यांपेक्षा जास्त आहे, हे दाखवणारी पुरेशी माहिती सरकारांनी समोर ठेवली नाही, म्हणून त्या वेळचे निर्बंध प्रमाणशीर ठरले नाहीत. खाजगी संस्थांसह सर्वांनी, संसर्ग कमी असेपर्यंत, असे आदेश तपासून पाहावेत आणि मागे घेतले नसतील तर घ्यावेत, अशी सूचना न्यायालयाने केली. त्याच निकालात केंद्राचे लसीकरण धोरण मनमानी नसल्याचेही म्हटले आहे. तेव्हा ‘सर्वोच्च न्यायालयाने सक्ती कायमची रद्द केली’ असे लिहू नये. ‘माझ्यावरील कारवाई प्रमाणशीर आहे का, हे या निकालातील कसोटीवर तपासावे’ असे लिहावे. हे वाक्य खरे आहे आणि त्याला उत्तर देणे व्यवस्थापनाला भाग पडते.

हरकतीचे कारण एकच असले तरी चालते, पण ते नेमके हवे. पहिल्या डोसनंतर जिवावर बेतणारी अॅलर्जी झाली असेल तर ते सर्वात भक्कम कारण आहे. त्यासाठी उपचार केलेल्या रुग्णालयाचे कागद आणि डॉक्टरांचे सही-शिक्क्याचे प्रमाणपत्र जोडावे. प्रमाणपत्रात ‘लस देऊ नये’ एवढेच न लिहिता कोणती लस, का आणि किती काळ, हे असावे. कधी कधी अडचण केवळ वेळेची असते. कोविड होऊन गेलेल्यांनी बरे झाल्यावर तीन महिने थांबावे, अशी मे २०२१ची सरकारी सूचना होती, आणि गरोदर महिलांना तर जुलै २०२१च्या आरंभापर्यंत ती लस खुलीच नव्हती. त्या काळात त्यांच्याकडे प्रमाणपत्र मागणारी कार्यालये होती, याचे मला आजही वाईट वाटते. सरकारी सूचना बदलत राहतात, म्हणून पत्र लिहिण्याच्या दिवशी जी लागू असेल तिची प्रत दिनांकासह जोडावी.

धार्मिक किंवा वैचारिक कारणाबद्दल स्पष्ट सांगायला हवे. अमेरिकेत नोकरी करणाऱ्या आपल्या मंडळींना तेथील १९६४च्या नागरी हक्क कायद्यानुसार प्रामाणिक धार्मिक श्रद्धेसाठी मालकाकडे सवलत मागता येते, आणि ती नाकारायची तर आपल्यावर मोठा भार पडतो हे मालकाला दाखवावे लागते. २०२३मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ही कसोटी आणखी कडक केली. आपल्याकडे खाजगी नोकरीत अशी सवलत मागण्याची ठरलेली वाट नाही. तरीही तिकडचे नमुने शब्दशः उतरवून, व्यवस्थापकाला वैयक्तिक नुकसानभरपाईची धमकी देणारी आठ-आठ पानी पत्रे लोकांनी दिली. तशी तीन पत्रे माझ्या टेबलावर आली आणि तिन्ही वेळा वाद लसीचा न राहता उद्धट भाषेचा झाला.

पत्र एका पानात बसावे. साधारण मजकूर असा ठेवता येईल: ‘आपला दिनांक अमुकचा आदेश मिळाला. मला पूर्वी झालेल्या त्रासामुळे सोबतच्या वैद्यकीय प्रमाणपत्रानुसार सध्या ही लस घेता येत नाही. मी कामावर हजर राहण्यास तयार आहे. मास्क वापरणे, ठरावीक दिवसांनी तपासणी करणे, वेगळ्या पाळीत किंवा वेगळ्या जागी बसणे, यांपैकी योग्य ती व्यवस्था करावी. माझ्यावर पगारकपातीची, बिनपगारी रजेची किंवा शिस्तभंगाची कारवाई करण्यापूर्वी माझे म्हणणे ऐकावे आणि निर्णय कारणांसह लेखी कळवावा.’ कामावर हजर राहण्याच्या तयारीचे वाक्य कधीही गाळू नये. ते नसेल तर पुढे ‘कर्मचारी स्वतःहून गैरहजर राहिला’ असा शेरा पडतो आणि सगळे प्रकरण गैरहजेरीचे होऊन बसते. वैद्यकीय कागद बंद पाकिटात, ‘गोपनीय’ असे लिहून द्यावेत आणि लस घेतलेल्या-न घेतलेल्यांची नावे सूचनाफलकावर लावू नयेत, अशी विनंती त्याच पत्रात करावी.

पत्राच्या दोन प्रती कराव्यात आणि आपल्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का, तारीख व सही घ्यावी. पोच देत नसतील तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने आणि ई-मेलने पाठवावे व पावती पत्रालाच टाचून ठेवावी. कंत्राटी कामगाराने एक प्रत कंत्राटदाराला आणि एक मुख्य आस्थापनेला द्यावी, कारण एरवी दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. कंत्राटदाराने मजुरी थकवली तर ती देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर येते, हे येथे कामी येते.

गेटवर अडवले तर हुज्जत घालू नये आणि घरीही बसू नये. रोज पाळीच्या वेळेला जावे, सुरक्षारक्षकाच्या नोंदवहीत नाव व वेळ लिहिण्याची विनंती करावी, आणि ते नाकारले तर तेथूनच ई-मेल करावा: ‘आज सकाळी सात वाजता कामावर हजर झालो, प्रवेश नाकारण्यात आला.’ केलेल्या कामाचा पगार अडवणे हा तर वेगळाच गुन्हा आहे. नोव्हेंबर २०२१मध्ये ठाणे महापालिकेने पहिला डोस न घेतलेल्या कर्मचाऱ्यांना पगार न देण्याचे जाहीर केले होते, आणि अशा घोषणांनी लोक घाबरून जातात. परंतु मासिक पगार पुढील महिन्याच्या सात तारखेपर्यंत द्यावा लागतो आणि त्यातून कोणत्या कपाती करता येतात याची यादी वेतन संहितेतच आहे. तिच्याबाहेरची कपात झाली तर तीन वर्षांच्या आत संबंधित प्राधिकाऱ्याकडे दावा करता येतो.

कारणे दाखवा नोटीस आली तर उत्तर द्यायलाच हवे. २०२१मध्ये गुजरात उच्च न्यायालयात हवाई दलाच्या वतीने सांगण्यात आले होते, की लस नाकारणाऱ्या नऊ जणांपैकी ज्या एकाने नोटिशीला उत्तर दिले नाही, त्याला सेवेतून काढले. मुदत अपुरी असेल तर ती संपण्याआधी लेखी वाढवून मागावी. ३०० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत चौकशीसाठी निलंबित केले तर पहिले ९० दिवस निम्मा आणि त्यानंतर, विलंब आपल्यामुळे नसेल तर, ७५ टक्के निर्वाह भत्ता मिळतो.

वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असावी लागते. तिच्याकडे वर्षभरात अर्ज करता येतो आणि तिने ३० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. कामावरून काढलेच तर कामगार आयुक्त कार्यालयातील समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. ४५ दिवसांत तोडगा निघाला नाही तर औद्योगिक न्यायाधिकरणाकडे थेट जाता येते, पण काढल्यापासून दोन वर्षांच्या आत. सरकारी किंवा महापालिकेच्या कर्मचाऱ्याला उच्च न्यायालयात रिट याचिकेची वाटही असते. व्यवस्थापकीय पदावर असलेल्यांना कामगार कायद्याचे हे संरक्षण मिळत नाही, त्यांनी आपले नेमणूकपत्र घेऊन वकिलाकडे जावे. सर्वात उघड्यावर पडतात त्या घरकाम करणाऱ्या बाया: सोसायटीच्या फाटकावर त्यांना अडवले गेले तेव्हा औद्योगिक कायद्यात त्यांना जागाच नव्हती आणि नव्या संहितेनेही घरकाम वगळलेले आहे. त्यांच्या वतीने ज्यांच्या घरी त्या काम करतात त्या सभासदाने सोसायटीच्या कार्यकारी समितीला पत्र द्यावे. सभासदाच्या पत्राची नोंद घ्यावी लागते.

शेवटी एका कागदाबद्दल सांगतो. वाद चिघळला की व्यवस्थापनाकडून बोलावणे येते, चहा मागवला जातो आणि ‘वैयक्तिक कारणास्तव राजीनामा’ असा टाइप केलेला कागद पुढे सरकवला जातो, सोबत हिशेब लगेच चुकता करण्याचे आश्वासन असते. हिशेब तर नोकरी सुटल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता करणे कायद्यानेच बंधनकारक आहे. त्यासाठी राजीनामा द्यावा लागत नाही. त्या खोलीत सही करू नये. ‘घरी वाचून उद्या लेखी उत्तर देतो’ असे म्हणून उठावे आणि बाहेर आल्यावर, कोण काय म्हणाले ते तारीख-वेळेसह त्याच दिवशी वहीत उतरवून ठेवावे.