जात नाही, सुटत नाही, सलत राहतं: हे इंग्रजीत सांगताना या चुका टाळा

इतरांचे इंग्रजी अर्ज, तक्रारी आणि मेल तपासून देताना मला एक घोटाळा सतत दिसतो. माणसाला काहीतरी त्रास होतोय आणि तो थांबत नाहीये, एवढंच सांगायचं असतं. ते सांगताना ‘क्रॉनिक’, ‘नॅगिंग’, ‘परसिस्टंट’, ‘लिंगरिंग’ हे शब्द हाताला येतील तसे टाकले जातात. सगळ्यांचा अर्थ ‘न संपणारा’ असं कुठल्यातरी यादीत वाचलेलं असतं आणि घात तिथेच होतो. त्रास किती मोठा आहे, हे या शब्दांमधून फारसं कळत नाही. तो कसा टिकून राहिलाय, हे कळतं.

‘क्रॉनिक’ म्हणजे ‘भयंकर’ नव्हे

ही चूक मला सर्वांत जास्त छळते, कारण तिचे परिणाम कागदावर थांबत नाहीत. ओळखीतल्या एका गृहस्थांची जड खोकं उचलताना पाठ धरली. आधी पाठीची कधी तक्रार नव्हती. दोन दिवस रुग्णालयात काढल्यावर विम्याचा अर्ज त्यांनी स्वतः भरला आणि आजाराच्या रकान्यात ‘क्रॉनिक बॅक पेन’ लिहिलं. नुसतं ‘पेन’ त्यांना हलकं वाटलं होतं. विमा कंपनीचा प्रश्न लगेच आला: हे दुखणं केव्हापासूनचं, पॉलिसी घेण्याआधीपासूनचं का? जुने तपासणीचे कागद मागवले गेले. जे दुखणं कधी नव्हतंच, त्याचे कागद ते कुठून आणणार? डॉक्टरांच्या कागदावर स्पष्ट ‘ॲक्यूट’, म्हणजे अचानक उद्भवलेलं, असं होतं आणि यांच्या अर्जावर ‘क्रॉनिक’. खुलाशाचं पत्र मी लिहून दिलं, डॉक्टरांनी वेगळा दाखला दिला आणि मग प्रकरण सुटलं. तोवर पैसे अडकले आणि पाठ दुखत असताना त्या माणसाने हेलपाटे घातले.

‘क्रॉनिक’च्या मुळाशी काळाला असलेला ग्रीक शब्द आहे. मराठीतलं ‘जुनाट’ त्याच्या अगदी जवळचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात ३ महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेला ‘क्रॉनिक पेन’ म्हटलंय. मोठ्या माणसांच्या खोकल्याला डॉक्टर सहसा ८ आठवडे उलटल्यावर हा शब्द लावतात. दुखणं सौम्य असूनही क्रॉनिक असू शकतं आणि जीव कासावीस करणारं असूनही नसू शकतं. ब्रिटनमध्ये बोलीभाषेत ‘क्रॉनिक’ म्हणजे ‘अगदी वाईट’ असा वापर आहे, पण अर्जात तो चालत नाही.

‘ॲक्यूट’चंही तसंच. वैद्यकात तो अचानक उद्भवलेला, अल्पकाळाचा आजार. इतरत्र मात्र ‘ॲक्यूट शॉर्टेज’ म्हणजे आत्ता तीव्र झालेली टंचाई आणि ‘क्रॉनिक शॉर्टेज’ म्हणजे वर्षानुवर्षं पाठ न सोडणारी. माझी सवय अशी की ‘क्रॉनिक’ लिहिण्याआधी त्या जागी मनात ‘जुनाट’ ठेवून पाहायचं. बसलं नाही तर ‘सिव्हिअर’, म्हणजे तीव्र, लिहायचं.

‘सिन्स थ्री डेज’

‘आय ॲम हॅविंग हेडेक सिन्स थ्री डेज.’ हे वाक्य मी इतक्यांदा खोडलंय की आता ते दुरूनच ओळखू येतं. एवढ्याशा वाक्यात तीन चुका आहेत आणि त्यातल्या दोन थेट मराठीतून आल्या आहेत. आपण ‘सोमवारपासून’ म्हणतो आणि ‘तीन दिवसांपासून’ही. एकच ‘पासून’ दोन्हीकडे पुरतं. इंग्रजीत सुरुवात कधी झाली ते सांगायला ‘सिन्स’ आणि किती काळ लोटला ते सांगायला ‘फॉर’. शिवाय मराठीत ‘दुखतंय’ या वर्तमानकाळात मागचे तीन दिवसही मावतात. इंग्रजीत मावत नाहीत, म्हणून ‘आय हॅव हॅड अ हेडेक फॉर थ्री डेज’ किंवा ‘सिन्स मंडे’. ‘हेडेक’च्या आधीचा ‘अ’ ही तिसरी गोष्ट. ‘टूथएक’ला ब्रिटिश इंग्रजीत तो गाळला तरी चालतो, ‘हेडेक’ला नाही.

यातून निसटायला लोक ‘आय हॅड अ हेडेक फॉर थ्री डेज’ असं सोपं करून लिहितात. व्याकरण बरोबर, पण अर्थ उलटा: दुखत होतं, आता थांबलं. डॉक्टरांना असं लिहून पाठवलंत तर तुम्ही बरे झालात असंच ते धरून चालतील. ‘काळ वगैरे नंतर शिकू, आधी भारी शब्द सांगा’ म्हणणाऱ्यांना मी शब्द सांगतच नाही. हे एक वाक्य पक्कं होईपर्यंत बाकीच्याचा काही उपयोग नाही.

सगळी टोचणी ‘नॅगिंग’ नसते

इथे आपण उगाच गरीब होतो. मराठीत सल, रुखरुख, घोर, धुसफूस, ठसठस, कटकट एवढे वेगवेगळे शब्द आपण न चुकता वापरतो. इंग्रजी लिहायला बसलो की आधी सगळ्याचा ‘त्रास’ करतो आणि मग त्या ‘त्रासा’साठी शब्द शोधतो. हा उलटा रस्ता आहे.

‘नॅगिंग’ म्हणजे लहान असूनही पिच्छा न सोडणारं. ‘नॅगिंग डाउट’, ‘नॅगिंग पेन’ चालतं, पण दुष्काळ ‘नॅगिंग’ नसतो. ‘लिंगरिंग’ म्हणजे जायला हवं होतं, बरंचसं गेलंही, पण थोडं मागे रेंगाळलंय: ताप उतरल्यावरचा खोकला, निकाल लागल्यावरही उरलेली शंका. पहिल्याच दिवशीच्या खोकल्याला ‘लिंगरिंग’ म्हणता येत नाही. ‘फेस्टरिंग’ म्हणजे चिघळणारं. जखमेत पू होतो तसं, लक्ष न दिल्याने आतल्या आत वाढत जाणारं वैर किंवा नाराजी. ‘सिमरिंग’ म्हणजे धुमसणारं, अजून भडका न उडालेलं. ‘रँकल’ म्हणजे सलणं. त्याला घडून गेलेली गोष्ट लागते आणि वाक्याचा कर्ता सहसा माणूस नसून ती गोष्ट असते: ‘दॅट रिमार्क स्टिल रँकल्स’.

‘नॅग’ हा शब्द ज्या स्कँडिनेव्हियन भाषांशी जोडला जातो, तिथे त्याचा अर्थ कुरतडणं. ‘नॉइंग’ तर उघडच कुरतडणारं. ‘रिमोर्स’च्या मुळाशी ‘पुन्हा चावणं’ हा लॅटिन अर्थ आहे. आपण ‘मन खातं’ म्हणतो, तेच. हे एकदा कानात बसलं की ‘रिमोर्स’ नुसत्या दुःखासाठी वापरावासा वाटत नाही. स्वतःच्या हातून काही वाईट घडलेलं असेल तरच तो चावतो.

समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ करणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. अशा संग्रहांत सर्वांत प्रसिद्ध झालेला संग्रह १८५२ साली पीटर मार्क रॉजे या डॉक्टरने छापला आणि त्यातली रचना कल्पनांनुसार होती. शब्द शेजारी बसवले म्हणजे ते एकमेकांच्या जागी चालतात असं नाही. मोबाइलवर रोज एक शब्द मिळवून वर्षात भाषा येईल असं मानणारे याच खड्ड्यात पडतात. मी वहीत सुटा शब्द लिहीतच नाही. त्याच्याबरोबर सहज येणारी दोन-तीन नामं सापडली की मगच त्याची नोंद करतो. सापडली नाहीत, तर तो शब्द अजून माझा झालेला नाही.

बाकीच्या, थोडक्यात

‘कन्सिस्टंट कफ’ नको. ‘कन्सिस्टंट’ म्हणजे सातत्य राखणारा, त्यात बहुतेकदा कौतुक असतं. खोकला ‘परसिस्टंट’, म्हणजे चिवट, न हटणारा.

‘कंटिन्युअस’ म्हणजे खंड न पडता, ‘कंटिन्युअल’ म्हणजे थांबून थांबून पुन्हा पुन्हा. जाणकार हा फरक पाळतात.

पुन्हा पुन्हा पडणारं वाईट स्वप्न ‘रिकरिंग’. ते ‘क्रॉनिक’ नाही.

‘आय ॲम इरिटेटिंग’ म्हणजे मी इतरांना वैताग देतो. वैतागलेला मी ‘इरिटेटेड’.

‘हॉन्टिंग’, म्हणजे मनात घोळत राहणारा, सूर ही स्तुती आहे. पिच्छा पुरवणाऱ्या थकबाकीला तो शब्द लावू नका.

दोन दिवस मन लागत नसेल तर ‘लो’ म्हणा. निदान म्हणून ‘डिप्रेशन’ हा शब्द लावायला डॉक्टर किमान २ आठवड्यांची लक्षणं पाहतात आणि जे खरोखर त्यातून जात असतात, त्यांचं म्हणणं आपल्या सैल बोलण्यामुळे कोणी गंभीरपणे घेत नाही.

‘हेडेक’, ‘टूथएक’च्या शेवटी स्पेलिंग पाहून ‘एच’ म्हणू नका, उच्चार ‘एक’ असाच करा. तसंच ‘च्रॉनिक’ नाही, ‘क्रॉनिक’. ‘नॉइंग’च्या स्पेलिंगमधला सुरुवातीचा ‘ग’ उच्चारायचाच नाही.