पुणं नको झालंय? रिझाइन टाकायच्या आधी कोल्हापुरात एक मंगळवार काढा

जून-जुलै आला की ज्युनियर पोरापोरींचे मेसेज सुरू होतात. आधी 'ताई रेझ्युमे बघ ना' असतंय, आणि वर्षभरात त्याच नंबरवरून 'ताई पुण्यात मन लागत नाही, कोल्हापूरला परत येऊ का' असतंय. प्रत्येकाला वेगळं टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहिते. मी कोल्हापूरची, इंजिनिअरिंग तिकडंच झालं, सध्या पुण्यात हिंजवडीला सॉफ्टवेअर टेस्टिंगला आहे. मला सगळं जमलंय म्हणून लिहितेय असं समजू नका. परवाच रात्री बाथरूममध्ये नळ सोडून रडलेय, तेही टँकरचं पाणी.

सीटीसी, म्हणजे कंपनी कागदावर दाखवते तो वर्षाचा आकडा, आणि हातात येणारा पगार यातला फरक, पीएफ, डिपॉझिट, ११ महिन्यांचं ॲग्रीमेंट हे सगळं तुम्हाला माहीत असणार, त्यात वेळ घालवत नाही. फक्त एवढंच की भाडेकराराची नोंदणी करणं ही १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे घरमालकाची जबाबदारी आहे, तेव्हा 'नोटरी करून टाकू, चालतंय सगळं' म्हणणाऱ्या मालकाला मान डोलवू नका, डिपॉझिट अडकलं की मग तोच कागद शोधत बसाल.

आता मुद्द्यावर. 'मन लागत नाही' म्हणजे नक्की काय हे मी प्रत्येकाला विचारते आणि प्रत्येकजण एका दमात सांगतोय की मॅनेजर असा, ट्रॅफिक तसं, मेसचं जेवण, रूममेट, आणि शेवटी हळूच, ताई इथं कुणी भेटतच नाही गं. म्हणजे काम, राहणं आणि माणूस अशी तीन वेगळी दुखणी आहेत आणि आपण तिघांनाही एकच नाव देतोय, पुणं. मग औषध पण एकच सुचतंय, कोल्हापूर. काम वाईट असेल तर कंपनी बदलून भागतंय, रूम वाईट असेल तर रूम बदलून, त्याला शहर सोडायला लागत नाही. पण हे तेव्हा कळतंय जेव्हा तुम्ही शनिवारी-रविवारी पुण्यात असता, आणि आपली पोरं नसतातच.

ह्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझी जवळजवळ दोन वर्षं ह्यातच गेली आणि कुणी सांगितलं नाही.

शुक्रवारी सकाळी बॅग घेऊनच ऑफिसला जायचं. संध्याकाळी टीमची स्टँडअप मीटिंग लवकर संपू दे म्हणून देव पाण्यात, मग वाकडला हायवेवर ट्रॅव्हल्स पकडायची, खंबाटकीला ट्रक बंद पडलेला असला की तिथंच तासभर, कराडला डोळा लागतो न लागतो तोवर क्लीनर 'तावडे हॉटेल, तावडे हॉटेल' म्हणून ओरडतोय, म्हणजे कोल्हापूर आलं. २३० किलोमीटरच आहे म्हणून आपल्याला ते लांब वाटत नाही, हाच घोळ आहे. नागपूरची, नांदेडची पोरं दर आठवड्याला जाऊच शकत नाहीत, त्यामुळं ती झक मारत इथं माणसं जोडतात. आपल्याला परत जायची सोय आहे आणि ती सोयच आपल्याला खातेय.

कशी ते नीट बघा. शनिवारी सकाळी घरी पोचता, आई गरम पाणी काढून ठेवते, दुपारी झोप, संध्याकाळी रंकाळा, मैत्रिणी भेटतात, रविवारी मटण. काम शून्य, भाडं शून्य, आणि सगळ्यांचा मूड चांगला कारण तुम्ही आलाय. रविवारी रात्री परत बस, सोमवारी पहाटे वाकड, दोन तास झोपून लॉगिन. म्हणजे कोल्हापूरचा तुम्ही कायम रविवारच बघताय आणि पुण्याचे सोमवार ते शुक्रवार. ह्यात पुणं कसं जिंकणार सांगा? शहरांची तुलना होतच नाहीये, वारांची होतेय.

आणि हे इतक्यावर थांबत नाही. सोमवारी तुम्ही अर्धे झोपेत असता, सॉफ्टवेअरमधला बग नजरेतून सुटतो, टीम लीडचं तोंड वाकडं होतं, वर्षाच्या शेवटी अप्रेझलला तेच येतंय आणि तुम्ही म्हणता ऑफिसात पॉलिटिक्स आहे. असेलही, मी नाही म्हणत नाही, पण सोमवारची झोप पण आहे. रूमचं तेच. माझ्या रूमला कितीतरी महिने पडदा नव्हता, खिडकीला जुनी बेडशीट क्लिपा लावून अडकवलेली, गादी खाली, चार्जर कायम बॅगेतच, कारण मनात असायचं की शुक्रवारी जायचंच आहे, कशाला घ्या. अशा खोलीत कुणालाही मन लागणार नाही. आणि माणसं? ऑफिसमधली मंडळी सुरुवातीला विचारायची, शनिवारी ट्रेकला येतेस का, पिक्चरला येतेस का. दोन-तीनदा 'घरी चाललेय' म्हटलं की विचारायची बंद होतात, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. मग आपण म्हणायचं पुण्याची माणसं तुटक. माझ्या टीममध्ये खरा पुणेकर एकच होता आणि तो बिचारा सगळ्यात जास्त विचारायचा.

घरी जाऊ नका असं म्हणत नाहीये मी, गैरसमज नको. महिन्यातनं दोनदा जा की, एकदा जा, पण ठरवून. आणि पहिला जो शनिवार-रविवार इथं काढाल तो बेकार जाणार आहे हे लिहून ठेवा. दुपारी चार वाजता छातीत कसंतरी होईल, आईचा फोन येईल, 'जेवलीस का' एवढंच विचारेल आणि तेवढ्यानं डोळे भरतील. होतंय, सगळ्यांना होतंय, त्यानं कुणी मरत नाही. दुसरा जरा बरा जातो. पडदे आणायला जा, रूममेटला सोबत न्या, अर्धी ओळख तिथंच होते.

आता उलटी परीक्षा. परत जायचंच मनात असेल तर रविवारचं कोल्हापूर नको, मंगळवारचं बघा. वर्क फ्रॉम होम मिळत असेल तर सलग आठवडाभर घ्या, नाहीतर सुट्ट्या टाका. मंगळवारी सकाळी अकरा वाजता घर रिकामं असतंय. मैत्रिणी नोकरीवर, नाहीतर लग्न होऊन सांगलीला किंवा, गंमत बघा, पुण्याला. आईचं स्वतःचं रूटीन आहे, भिशी आहे, तुम्ही हॉलमध्ये कॉलवर असलात की तिला टीव्ही लावता येत नाही. बुधवारपर्यंत शेजारच्या काकू विचारणार, 'सुट्टीवर आलीयास की सोडलीस नोकरी?' आणि गुरुवारी तुमचं नेट गेलेलं असेल. हे सगळं होऊनसुद्धा जर शुक्रवारी वाटलं की इथंच बरं वाटतंय, तर मग तुमचं खरंच कोल्हापूर आहे, या निवांत, कुणाच्या बापाचं ऐकू नका.

त्याच आठवड्यात नोकरीची चौकशी पण करा, नुसतं फोनवर नको, जाऊन. मेकॅनिकल, प्रॉडक्शनवाल्यांना आपल्याकडं खरंच काम आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगलेची पंचतारांकित एमआयडीसी, फाउंड्री, मशीन शॉप, ऑटो पार्ट. पुण्यात मोठ्या नावाखाली वर्षभर एक्सेलमध्ये ट्रॅकर भरणारी मेकॅनिकलची पोरं मी बघितलीत, त्यापेक्षा कोल्हापुरात एखाद्या फाउंड्रीत कास्टिंग रिजेक्ट का झालं ते साच्याच्या वाळूपासून शोधत जाणारा पोरगा दोन वर्षांत जास्त शिकतोय, हे माझं मत, पटलं तर घ्या. पगार कमी असणार, पण घरभाडं पण नाही, दोन्ही बाजू मांडून हिशोब करा. सुट्टी रविवारीच असेल असं धरू नका, विचारून घ्या, काही ठिकाणी सोमवारी असते. आयटीवाल्यांचं मात्र गोड बोलून सांगता येत नाही. कंपन्या आहेत, लहान आहेत, एक सोडली तर दुसरी धरायला पर्याय थोडे. त्यांना रिमोट काम आधी हातात घेऊनच परत यायला सांगेन. आणि लहान कंपन्या तुमच्या ९० दिवसांच्या नोटीससाठी थांबत नाहीत, हे आधीच बोलून ठेवा.

'परत येऊन एमपीएससी करतो' म्हणणाऱ्यांवर माझा जरा राग आहे, सांगून टाकते. ज्याला खरंच करायचीय तो आत्ताच करतोय, रात्री जागून. बाकीच्यांना नोकरी सोडायला चांगलं कारण पाहिजे असतंय, लोकांना सांगायला. राज्यसेवेला खुल्या गटाला ३८ वर्षांपर्यंत बसता येतंय म्हणून पोरं निवांत असतात, आणि २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झालीय, पर्याय ठोकून चालत नाही, पानंच्या पानं लिहायला लागतात. नुसतं पुणं नको म्हणून त्यात उडी मारू नका. अभ्यासिकेत पण एकटंच वाटतंय.

सल्ला कुणाचा घ्यायचा, तर तुमच्यापेक्षा दोन-तीन वर्षं पुढं असलेल्याचा. वीस वर्षं पुढं गेलेल्या सरांना आता भाडं किती झालंय हेच माहीत नसतंय, ते 'बाहेर पडा, जग बघा' म्हणतात आणि स्वतः सहाला घरी. सहा महिन्यांत डेटा सायन्स, प्लेसमेंट गॅरंटी, असल्या जाहिरातींना पैसे भरण्यापेक्षा त्या पैशाचे पडदे आणा. आणि एक सीनियर प्रत्येक बॅचला असतोय जो सांगतो 'बॉण्ड काय कायद्यात टिकत नाही, खुशाल सोड'. अर्धवट ज्ञान. सोडल्यावर दुसरीकडं नोकरीच करायची नाही अशी अट कंपनीला लादता येत नाही, त्याला १८७२ च्या कॉन्ट्रॅक्ट ॲक्टचं कलम २७ आहे. पण ठरलेली वर्षं काम कर, नाहीतर अमुक रक्कम भर, हे वेगळं. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं एका सरकारी बँकेचा २ लाखांचा असा बॉण्ड ग्राह्य धरलाय. तेव्हा सही केलेला कागद काढा, वाचा, मग बोला. ओरिजिनल मार्कशीट मात्र कुठल्याच कंपनीकडं ठेवू नका, दाखवायची आणि परत घ्यायची.

आता ते हळूच विचारलेलं. डेटिंग. ॲपवर जी मुलं भेटली ती बहुतेक साताऱ्याची, लातूरची, जळगावची, म्हणजे आपल्यासारखीच भाड्यानं राहणारी, आपल्यासारखीच कावलेली. आणि सातारचा असला की तो पण शुक्रवारी गायब. मग भेटायचं कधी, तर मंगळवारी रात्री साडेनऊला, दोघं भूमकर चौकातल्या ट्रॅफिकमधून दमून आलेली, एकजण मॅनेजरबद्दल बोलतोय, दुसरी घड्याळ बघतेय कारण पीजीचं गेट दहाला बंद. ह्यातनं काय फुलणार? मी एका मुलाला चार आठवडे 'नेक्स्ट वीकेंड' म्हणत राहिले, त्यानं शेवटी फक्त अंगठा पाठवला. बरा होता. तेव्हा 'माझ्यातच काहीतरी कमी आहे' हे आधी डोक्यातनं काढा, वेळच दिलेला नसतोय. ओळख ॲपपेक्षा ग्रुपमधनं झालेली टिकते असा माझा अनुभव, ट्रेक असो, बॅडमिंटन असो. पहिल्यांदा भेटायचं ते गर्दीच्या ठिकाणी आणि रूममेटला लोकेशन पाठवून, हे पोरींना सांगायची गरज नाही, पोरांनो तुम्हाला सांगतेय, कुणी असं केलं तर राग मानू नका.

घरचं आणि वेगळं. मुलगी दर आठवड्याला येतेय म्हटल्यावर रविवारी पोह्यांचा कार्यक्रम लागणारच, रिकामा रविवार आईला बघवत नाही. एकदा मुलाच्या आईनं मला विचारलं, 'घरून काम असतंय का गं तुझं?' मला वाटलं कौतुक आहे. नंतर डोक्यात प्रकाश पडला की सकाळचा डबा कोण करणार ह्याची चौकशी चाललीय. स्थळं सगळी पुण्याची आणि सगळ्यांना पुण्यात नोकरी करणारीच पाहिजे, कारण फ्लॅटचा हप्ता एका पगारात बसत नाही. मी नोकरी सोडून परत आले तर बायोडाटाचं वजन कमी, नाही सोडली तर लग्न करून कायमची पुण्यात. पोरांचं वेगळंच दुखणं, कोल्हापुरात चांगला कमावणारा असला तरी मुलीकडचे म्हणतात पुण्यात आहे का. त्यामुळं परत यायचा निर्णय आणि लग्नाचा निर्णय वेगळे आहेत असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या, ते एकमेकांत अडकलेलेच आहेत. ह्यावर माझ्याकडं उत्तर नाही. एवढंच करते की पत्रिका बघायच्या आधी मुलाला सरळ विचारते, पाच वर्षांनी कुठं राहायचंय तुला. काहीजण गडबडतात, एकानं 'आईला विचारून सांगतो' म्हटलं.

इतकं वाचून पण यायचंच ठरलं, तर रिलीव्हिंग लेटर, एक्स्पीरियन्स लेटर, सगळ्या पगार स्लिपा आणि आधीच्या वर्षांचे फॉर्म १६ (पगारातनं कापलेल्या टॅक्सचा दाखला) घेतल्याशिवाय शेवटचा दिवस संपवू नका, नंतर एचआर फोन उचलत नाही. पीएफ काढून गाडी घ्यायचा मोह होतोय, पण एकूण सलग नोकरी ५ वर्षांच्या आतली असेल तर काढलेल्या पैशावर टॅक्स बसतो, यूएएन, म्हणजे पीएफचा तुमचा नंबर, तोच ठेवून पुढच्या कंपनीत ट्रान्सफर करा. बोनस कुठल्या महिन्यात जमा होतो ते बघून मग नोटीस टाका, हे सांगायला लाजू नये.

मी अजून ठरवलेलं नाही. मागच्या महिन्यात बायोडाटात 'नोकरीचे ठिकाण: सध्या पुणे' असं टाकलं होतं, आईनं त्यातलं 'सध्या' काढून पीडीएफ मावशीला पाठवली. मी परत घालून काकूला पाठवली. आता दोन्ही फिरतायत, बघू कुठल्यावरनं फोन येतोय.